विसाजीपंतांच्या हाताचं यश

गोदेकाठी निंबोरी नावाच्या कोष्ट्यांच्या गावात भानगिरी महाराज चातुर्मासाला मुक्कामी होते, त्या वेळची ही गोष्ट. 'मग पोरं बरी झाली का?' असं मध्येच विचारू नका. ते मी आधीच सांगून टाकतो. नाही झाली.

गावात तान्हूबाई नावाची विधवा कोष्टीण राहत होती. तिची अंबू आठ वर्षांची, म्हाळू पाचांचा. दोघांचेही हातपाय लुळे पडत चालले होते आणि पेटके असे यायचे, की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. माउली मागावरून मिनिटामिनिटाला उठायची, पोरांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पुन्हा मागावर बसायची. ओठांवर महाराजांचं नाव. धन्य ती आई!

त्याच गावात विसाजीपंत वैद्य होते. आपल्या हाताला असं यश आहे की आजवर एक रोगी दगावला नाही, हा त्यांचा तोरा. दगावणार कसा? जो जगणार नाही असं वाटे, त्याला ते हातच लावत नसत.

श्रावणातल्या एका सकाळी पोरांचे पेटके थांबेनात. तान्हूबाई धावत वैद्यांकडे गेली. पंत चारचौघांत हसले. ही पोरं औषधापलीकडची, त्यांच्यापायी मी माझं यश कशाला घालवू, म्हणाले. एवढी महाराज महाराज करतेस, त्यांनाच बोलाव की पाय चोळायला! आणि औषधांची पेटी उचलून ते शेजारगावी देशमुखांकडे निघूनही गेले.

ती रडत महाराजांच्या मठात आली. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माय, घरी जा. वैद्य येतील."

ती घरी पोहोचते तो काय, विसाजीपंत पोरांपाशी बसलेले! त्यांनी तेल कोमट करून दोघांचे पाय चोळले, चाटण दिलं, गुडघ्यांखाली मऊ घडी सरकवली. पोरं शांत झोपली. मी आहे इथे, तूही पड जरा, असं ते तान्हूबाईला म्हणाले. कित्येक दिवसांनी माउलीचा डोळा लागला. उठली तेव्हा वैद्य निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन वैद्यांच्या ओसरीवर गेली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडली. पंत खेकसले. काल दिवसभर मी देशमुखांकडे होतो, विचार कुणालाही, म्हणाले. ती मात्र काय काय केलंत ते सांगतच राहिली. शेवटी तिला खोटं पाडायला त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली काढून पेटी उघडली. काल काठोकाठ भरलेला तेलाचा बुधला निम्मा रिकामा होता.

पंतांनी पेटी तशीच उघडी टाकली. ते अनवाणीच मठात धावले.

महाराज म्हणाले, "पंत, बरं करणं तुमच्या हाती नव्हतं, कबूल. पण कळ शमवणं होतं ना? तुम्ही गेला नाहीत, म्हणून देवाला तुमचं रूप घ्यावं लागलं."

पंत पाय धरायला वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. आता तिकडे जा, पोरं वाट बघतात, एवढंच बोलले.

पंत गेले, आणि पोरं असेतोवर रोज जात राहिले. म्हाळू माघात गेला, अंबू पुढच्या वर्षी. दोघंही आईच्या मांडीवर, न तळमळता गेली.

पहिल्या दिवशी मात्र पंत तेल लावू लागले, तेव्हा म्हाळूने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"वैद्यबुवा, काल तुमचे हात थरथरत नव्हते. आज भीती वाटते का?"

पंतांना हुंदका आवरेना. त्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि त्या पोराच्या इवल्याशा पावलांवर कपाळ टेकवलं.