चार पर्याय

"पण बाबा, माझा निकाल चुकला होता का, तेवढंच सांगा."

टेकडीवरच्या मठीत डॉ. यशोधन कोठावदे मघापासून हाच एक प्रश्न उगाळत होते. धर्मागिरी बाबा चुलीत काटक्या सारत होते. मठीत तिसरं कोणी नव्हतं. फार दिवसांत कोणी फिरकलंही नव्हतं.

कोठावदे मानसशास्त्राचे मोठे प्राध्यापक. पूर्वी कोर्टात ज्यूरी बसायची, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते साध्या माणसांनीच ठरवायचं. कोठावदे तशी बारा जणांची खोटी ज्यूरी बसवून खोटे खटले चालवत. त्याआधी प्रत्येकाची स्वभावचाचणी घेत आणि कोण काय निकाल देणार ते खटल्याआधीच सांगून टाकत. सहसा चुकत नसत. आत्ता रडकुंडीला आले होते, तरी हे सांगताना मान ताठच.

"आमच्यात पाच पंच बसायचे," बाबा म्हणाले. "म्या बी बसलोय. पाचामुखी परमेश्वर."

"माझ्या बारांच्या मुखी स्वभाव असतो, बाबा. परमेश्वर काही सापडला नाही."

बाबा खुदकन हसले. माणूस हुशार, यात शंकाच नाही. त्या हुशारीनंच त्याचं घर रिकामं केलं होतं.

मुलगा सारंग. बापानं हौसेनं त्याचीही चाचणी घेतली होती, आणि पोरगा खोटं बोलणाऱ्यांत निघाला होता. पुढं कॉलेजात त्याच्यावर कॉपीचा आळ आला. मी केली नाही, असं तो घसा फोडून सांगत राहिला. बापानं चाचणीवर विश्वास ठेवला. सारंग घर सोडून गेला. आई त्याआधीच देवाघरी गेलेली. तेव्हापासून कोठावद्यांच्या कुकरला एकट्याचाच भात लागत होता.

खाली फाट्यावर दोन एस.टी. थांबत. एक सारंग आता राहत होता त्या गावची, एक घरी परतणारी. कुठल्या गाडीत बसायचं ते ठरेना, म्हणून हे टेकडी चढून आले होते.

"तुझी ती चाचणी माझी घे बरं," बाबा म्हणाले.

कोठावद्यांना हुरूप आला. "उत्तरं चारच. नेहमी, बहुधा, क्वचित, कधीच नाही. तुम्ही लोकांवर चिडता का?"

"कुणावर?"

"असं कोणा एकावर नाही. सर्वसाधारण माणसावर."

"सर्वसाधारण माणूस हितं कधी आलाच न्हाई रे. फुडं इचार."

"बरं... तुम्हाला एकटं वाटतं का?"

बाबांच्या हातातली काटकी हातातच राहिली.

"वाटतं," ते म्हणाले. "सांजच्याला तर लई वाटतं... तुला?"

"बहुधा."

बाबांनी हातातली काटकी चुलीत सारली.

आपल्या तोंडून काय निघालं ते कोठावद्यांना जरा उशिरानं ऐकू आलं. किती माणसांना त्यांनी हा प्रश्न घातला होता. त्यांना मात्र आजवर कुणी विचारला नव्हता. ते लहान पोरासारखे रडायला लागले.

बाबांनी रडू दिलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली.

"पोरानं कॉपी केली व्हती?"

"चाचणीत असं दिसतं की..."

"केली व्हती?"

"...ठाऊक नाही, बाबा."

"मग निकाल चुकला का बरोबर आला, ते मला तरी काय ठावं? तू पोरालाच निकालात काढलंस, येवढं दिसतंय."

खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला. बाबांनी भाकऱ्या आणि कांदा फडक्यात बांधून कोठावद्यांच्या हातात दिला. एकट्याला जास्त होतील एवढ्या भाकऱ्या होत्या.

कोठावदे उठले. चपला घातल्या. तरी पाय निघेना.

"बाबा, त्याच्या दारात उभं राहून पहिलं काय विचारू? कॉपीचं विचारू?"

"जेवलास का, म्हणून इचार."

कोठावद्यांनी डोळे पुसले आणि उतरायला लागले.

"आन् डाक्तर..."

ते थांबले.

"पर्याय दिऊ नको."