आमच्या इमारतीतला एकच धंदा

आमच्या इमारतीत डॉक्टरांची प्रॅक्टिस चालते, वकीलसाहेबांचा व्यवसाय चालतो, आणि माझा मात्र धंदा. नवरा गेल्यापासून तिरडीच्या सामानाचं दुकान मीच बघते. गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणायची सोय नाही, एवढं सोडलं तर पोट भरतं.

परवाच्या मीटिंगमध्ये सोसायटीचे अध्यक्ष, म्हणजे वकील रावराणेसाहेब, उठले. "मालनबाई, सोसायटीचा गाळा रिकामा करा. लोकांच्या मरणावर जगायचं, हा काय धंदा झाला?"

गाळा गेला तर मी खाणार काय? मी उठून म्हटलं, "खरंय साहेब. डॉक्टर दुखण्यावर जगतात, तुम्ही भांडणांवर, मी आपली मरणावर. पण मी कुणाला पुढची तारीख देऊन ताटकळत ठेवत नाही."

सगळे हसले, डॉक्टर सगळ्यात जोरात. गाळ्याचा विषय तिथंच बारगळला.

महिन्याभरात साहेबांची आई गेली. ते स्वतःच दुकानात आले. मी सगळं काढून दिलं, मडक्यासकट.

आता येता-जाता विचारतात, "काय ताई, व्यवसाय कसा चाललाय?"

शब्द बदलला, बरं वाटतं. पण 'छान' कुठल्या तोंडानं म्हणू?