यंत्राच्या पुढे गाणारी

कासारखेड गावात रंगनाथ नावाचा एक बँडवाला होता. कला बेताची आणि अभिमान भरपूर, त्यामुळे त्याचे बरे चालले होते. एकदा त्याने शहरातून सूर वाजवणारे यंत्र आणले. बटण दाबले की ते आपल्या मनाने वाजवते, असे तो सांगे.

यंत्राला अर्थातच मन नव्हते. ते एक आकडा घेई, त्याची ठराविक उलटापालट करून दुसरा काढी, दुसऱ्यावरून तिसरा. आणि जो आकडा निघेल त्याचा सूर वाजवी. ऐकणाऱ्याला वाटे, सूर वाटेल तसे येताहेत. पहिला आकडा बदलायला एक वेगळे बटण होते. ते फिरवले नाही, तर दर वेळी तेच सूर त्याच क्रमाने येतील, असे दुकानदाराने बजावले होते. पण दुसऱ्याचे ऐकून घेणे रंगनाथच्या स्वभावात नव्हते.

जत्रेच्या मिरवणुकीत पुढे कोणी वाजवायचे, हा त्याचा आणि ताशेवाल्या हैबतीचा वाद सरपंचांपुढे गेला. रंगनाथ म्हणाला, "माझ्या यंत्राचा पुढचा सूर ब्रह्मदेवालाही सांगता यायचा नाही. कोणी सांगितला, तर जन्मभर हैबतीच्या मागे वाजवीन."

गाव देवळापुढे जमले. यंत्र सुरू झाले. लोक माना डोलावू लागले. न कळणाऱ्या गोष्टीला मान डोलावण्याची गावाला जुनी सवय होती. रंगनाथची बायको कौसल्या पुढेच बसली होती. तीही कौतुकाने गुणगुणत होती. हैबतीने तिकडे कान दिला.

"सरपंच, वहिनी यंत्राच्या मागून गात नाहीत. यंत्र वहिनींच्या मागून चाललंय."

सरपंचांनी ऐकले. कौसल्या जो सूर घेई, तोच यंत्र क्षणभराने वाजवी. विचारल्यावर तिने सरळ सांगितले, की नवरा रोज सकाळी यंत्र लावून आरशापुढे उभे राहण्याचा सराव करतो आणि ती तेव्हा भाकऱ्या थापत असते. रोज तेच सूर कानावर पडून आळीतल्या पोराबाळांनाही ते पाठ झाले होते.

मिरवणुकीत हैबती पुढे गेला. रंगनाथ मागून धूळ खात चालला. घरी आल्यावर त्याने बायकोला विचारले, "तोंड मिटून बसायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, बायकोलासुद्धा पाठ आहे म्हटल्यावर लोक तुमच्या तयारीला नावाजतील."

तात्पर्य: पुढे काय येणार हे आपल्याला कळत नाही, म्हणून ते कोणालाच कळणार नाही असे समजू नये. पैज लावण्यापूर्वी निदान घरात तरी विचारून घ्यावे.