पाणमांजरांचा घाट

त्या नदीवर सगळ्यांत चांगल्या होड्या पाणमांजरांच्या असत, आणि तरीही त्या होड्यांना आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. नवी होडी पाण्यात सुटायची त्या दिवशी काठावर उभं राहायला जागा मिळत नसे. मग पलीकडच्या काठावर बगळ्यांनी घाट बांधला. बगळ्यांना होडी करता येत नव्हती, आणि त्यांच्या घाटाचे दगडही ओबडधोबडच होते. पण तिथं कुणाचीही होडी लागे. हळूहळू मधमाश्या मध घेऊन, खारी दाणे घेऊन, मुंगसं औषधाची मुळं घेऊन त्या पायऱ्यांवर येऊन बसली. होडी कुणाची आहे हे विचारणं बंद झालं. ती कुठं लागते, एवढंच जो तो विचारू लागला.

पाणमांजरांचा नाईक राणोजी शहाणा होता. त्याला हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्यानं सभा भरवली आणि आपणही घाट बांधायचा असं जाहीर केलं. दगडाचं काम पाणमांजरांना येत नव्हतं, म्हणून त्यानं धोंडू नावाच्या म्हाताऱ्या कासवाला बोलावलं. आयुष्यभर धोंडूनं दुसऱ्यांच्या विहिरी आणि पार बांधले होते. इतकं मोठं काम त्याला कुणी कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी तो जेवला नाही, नुसता काठावरून फिरत राहिला.

त्यानं वळणाजवळची जागा निवडली आणि वरून खाली पायऱ्या बसवायला घेतल्या. सात पायऱ्या झाल्या तेव्हा पाणमांजरांच्याच लांब होड्यांच्या कारखान्यातून तक्रार आली की वळणावर आमची होडी फिरत नाही. त्या कारखान्याचं वजन मोठं होतं. सभा भरली आणि घाट खालच्या अंगाला न्यायचं ठरलं. बसलेल्या पायऱ्या उखडत बसायला वेळ नव्हता. त्या तिथंच सोडून नुसते सुटे दगड ओढून नेले.

वळणाजवळच्या पायऱ्यांवर तोवर काही खारींनी दुकानं थाटली होती. त्यांना सांगितलं, तुम्हीही खाली चला. काही गेल्या. बऱ्याच जणींनी बोचकी बांधली आणि पलीकडचा रस्ता धरला.

खाली गेलेल्यांत रुखमा नावाची एक टिटवी होती. धुक्यात हाक घालून होड्यांना काठ दाखवायचा, हे तिचं काम. घाटाला होडी लागत नसतानाही ती रोज पहाटे हाक घाली. धोंडूनं एकदा विचारलं, अजून होडीच नाही तर हाक कुणाला घालतेस? ती म्हणाली की सवय मोडली तर आवाज बसतो. त्या दिवसापासून धोंडूला दगड हलके वाटू लागले.

दुसऱ्या जागी सहा पायऱ्या झाल्या असतील, एका सकाळी रुखमा त्याच्याजवळ आली.

"काका, आता इथून हलायचं नाही ना? मला अंडी घालायचीत. आम्ही झाडावर घालत नाही, जमिनीवरच घालतो. म्हणून विचारते."

धोंडूनं हातातला दगड खाली ठेवला. "घाल पोरी. हा घाट आता हलत नाही. मी सांगतो तुला."

सुट्या दगडांच्या आडोशाला गोटे गोळा करून तिनं चार अंडी घातली. काम चालू असलेलं तिला दिसावं म्हणून धोंडू मुद्दाम त्याच बाजूला बसून दगड घडवी.

दहाव्या दिवशी त्याला सभेत बोलावणं आलं. या वेळी तक्रार सपाट बुडाच्या होड्यांच्या कारखान्याची होती. पाणी फार खोल, म्हणे. लांब होड्यावाले म्हणाले, खोलच हवं. दोन्हीकडचे कारागीर सकाळपासून भांडत होते आणि दोघांच्याही होड्या अप्रतिम होत्या. शेवटी राणोजीनं मधली, तिसरी जागा सांगितली. धोंडूनं वीस दिवस मागितले, अंड्यांचंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो सभेत बोलत होता.

राणोजीचा चेहरा उतरला. तो दुष्ट नव्हता. "धोंडोबा, बगळ्यांचा घाट रोज वाढतोय," तो म्हणाला. "चार अंड्यांसाठी मी थांबलो, तर इथं बसलेल्या प्रत्येकाकडे थांबायला काही ना काही कारण आहे."

धोंडू जमेल तेवढ्या घाईनं परतला. कासवाची घाई ती. हुकूम त्याच्या आधी पोचला होता. सुटे दगड ओढून नेल्याच्या खुणा मातीत ओल्या होत्या, त्यांत अंड्यांची टरफलं चिरडली होती, आणि त्या खुणांच्या कडेला रुखमा उभी होती. ती ओरडत नव्हती. अख्ख्या नदीला ऐकू जाईल असा तिचा आवाज, पण ती इतकं हळू बोलली की धोंडूला मान पुढं काढावी लागली.

"काका, घाट हलणार की नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच तुम्ही मला सांगायला हवं होतं."

त्याच दुपारी ती नदी ओलांडून गेली.

तिसऱ्या जागी धोंडूनं पाच पायऱ्या बसवल्या. तिथं दुकान थाटायला कुणी आलं नाही, त्यामुळं हलायला सांगावं असंही कुणी उरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणमांजरांनी आपल्या होड्या बगळ्यांच्या घाटाच्या मापाला तासायला घेतल्या.

पहिली होडी निघाली तिच्यात राणोजी स्वतः वल्ह्यावर होता. बगळ्यांना डागडुजीला गवंडी हवा होता, म्हणून धोंडूही होता. नदी मध्यावर आल्यावर अलीकडचा सगळा काठ एका नजरेत दिसू लागला. वळणाजवळ सात पायऱ्या उतरत होत्या, खालच्या अंगाला सहा, मध्ये पाच. तिन्ही ठिकाणी शेवटच्या पायरीखाली नुसती माती होती, आणि मातीच्या खूप खाली पाणी. राणोजीचं वल्हं थोडा वेळ थांबलं.

मग होडी पलीकडे लागली. पायऱ्यांवर दाटी होती. धोंडू एकेक पायरी चढू लागला, आणि जन्मभराच्या सवयीनं मनात मोजू लागला. माथ्यावर पोचेपर्यंत सोळा झाल्या. अलीकडे त्यानं अठरा बसवल्या होत्या.