सैल झालेली गाठ

फार पूर्वी ओढ्याकाठच्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. दर वर्षी वादळात त्यांची दहा-बारा घरटी अंड्यांसकट खाली पडत. पण पडलेल्या घरट्याकडे बघणंही अशुभ, असा वस्तीचा रिवाज होता. तोंड फिरवायचं आणि पुन्हा तसंच घरटं विणायला घ्यायचं.

एकदा झिपऱ्या नावाच्या नराचं घरटं पडलं. त्याला राहवेना. तो सरळ खाली उतरला आणि पडलेलं घरटं निरखू लागला.

"वस्तीला बाधा आणशील," म्होरके भिवातात्या वरून गरजले.

"बाधा गाठीतच आहे, तात्या," झिपऱ्या म्हणाला. "आपण गवताच्या ओल्या पात्याची गाठ मारतो. पातं सुकलं की ती सैल होते."

त्याने नव्या घरट्याची गाठ सुकू दिली, मग तिच्यावर दुसरा वेढा आवळला. त्याचं बघून इतरांनीही तसंच केलं. पुढच्या वर्षी चारच घरटी पडली. झिपऱ्या पुन्हा उतरला. या वेळी काट्यांनी पाती कापली होती. मग सगळे काटे टाळून गाठी मारू लागले.

तिसऱ्या वर्षी असं वादळ झालं की शेजारचा निंब उन्मळून पडला. बाभळीवरची पन्नासही घरटी मात्र डौलात झुलत राहिली. सगळ्या वस्तीने आनंदाने बाभूळ डोक्यावर घेतली. झिपऱ्या तेवढा एका फांदीला चिकटून होता.

"एकही पडलं नाही. आता काय शोधतोस?" तात्यांनी विचारलं.

"ही गाठ जरा हललीय."

तात्यांनीही शेजारच्या घरट्यावर बसून एक गाठ चोचीने ओढून बघितली. दुपारपर्यंत बाभळीवरची प्रत्येक चोच तेच करत होती.