मावशीचे पिवळे हात

त्या राज्यात कडे उंच होते, म्हणून पडणारेही पुष्कळ होते. पाठीचा कणा मोडलेल्या प्राण्यांना झऱ्याकाठच्या कुरणात आणून ओळीने निजवत. कमरेखाली त्यांना काही जाणवत नसे. गोचीड चिकटला तरी कळत नसे. एकाच कुशीवर पडून कातडी सडू नये म्हणून माकडिणी दिवसभर त्यांची कूस बदलत फिरत. त्यांतल्या सर्वांत थोरलीला सगळे मावशी म्हणत.

कुरणाची एक रीत होती. एका रुग्णावरचा हात उचलून तसाच पुढच्याच्या अंगावर ठेवायचा. मधे हात धुतला तर माया वाहून जाते, असा समज होता. गोचीड झाले की कडुनिंबाचा धूर करत. पुढे तो शिंकेलाही होऊ लागला, जांभईलाही. धुरातून तगलेल्या गोचिडांना पिल्ले झाली आणि त्या पिल्लांना धुराचे काही वाटेनासे झाले. शेकोटी पेटली की ती उबेला येऊन बसत.

अशा वेळी दूरदेशी शिकलेला एक धोबी पक्षी कुरणात परतला. ओळीच्या टोकाला एक तरुण हरिणी होती. तिच्यासाठी सुतारपक्ष्यांनी चाकांची फळी कोरली होती. मागचे अंग तीवर टाकून ती पुढच्या पायांनी पुन्हा चालणार होती. पण तिच्या शेजारचा ससा आठवड्यापूर्वीच गोचिडांनी संपवला होता. ते हरिणीपर्यंत पोचले तर फळी रिकामीच राहणार होती.

पक्ष्याने सांगितले की दोन रुग्णांच्या मधे झऱ्यात हात बुडवा. माकडिणी हसल्या. दिवसभर शेपूट हलवणाऱ्याला कूस बदलण्यातले काय कळते, असे एक म्हणाली. मावशी मात्र दुखावली.

"बाळा, तीस पावसाळ्यांत या हातांनी कुणाचे वाईट केले नाही."

पक्षी वाद घालत बसला नाही. दुसऱ्या सकाळी त्याने ओळीतल्या पहिल्या रुग्णाच्या, म्हाताऱ्या सांबराच्या, पाठीवर बाभळीच्या फुलांची पिवळी धूळ झटकली आणि झाडावर जाऊन बसला.

दुपारपर्यंत सगळी ओळ पिवळी झाली. मावशीच्या कडेवरचे नातवंड पिवळे झाले. हरिणीच्या कमरेवर तर पाच बोटे स्पष्ट उमटली. माकडिणी एकमेकींची नाके पाहून लोटपोट हसू लागल्या. मावशीने त्या पाच बोटांवर आपला पंजा धरून पाहिला. तो बरोबर बसला.

"हे सगळे मीच वाटत फिरले?"

"मायाही वाटली असेल, मावशी. ती दिसत नाही एवढेच."

मावशी झऱ्यावर गेली. कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि हरिणीची कूस बदलू लागली. खांद्याला गार पाणी लागताच हरिणी खुदकन हसली.

मग सुतारपक्ष्यांनी बांबूचे पन्हाळ ओळीभर फिरवले. प्रत्येक रुग्णाच्या उशाशी पाणी खळखळू लागले. धुराची वेळ इतकी क्वचित येई की शेकोटीच्या खड्ड्यात टिटवीने अंडी घातली.

वसंतात सिंहराजा कुरण पाहायला आला. तीच हरिणी चाके खडखडवत थेट त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली.

"महाराज, आधी पंजे."

सिंहाने मावशीकडे पाहिले. मावशी आभाळाकडे पाहत होती. मग त्याने मुकाट्याने पंजे पन्हाळात घातले.

पाण्यावर एक टपोरा गोचीड वर आला, गोल फिरला, आणि तरंगत कुरणाबाहेर निघून गेला.