पालखीत हुकूम कुणाचा?

"उद्यापासून माझ्या पालखीखाली भोयांपैकी कुणी चकार शब्द काढला, तर त्याची भोईगिरी संपली!"

मोहरगडचे राजे उदयभानराव गरजले आणि भोई एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. पालखी काय मुक्यानं चालते? पुढच्या भोयाला वाट दिसते. मागच्याच्या नाकासमोर असते ती फक्त पालखी. म्हणून पुढचा ओरडतो, "डावीकडं दगड!", "हळू, उतार हाय!" आणि मागचा त्याच्या शब्दावर पाऊल टाकतो. बापजाद्यांपासूनची ही रीत.

राजांना मात्र ती खुपली. आत राजा बसलेला, आणि भर बाजारातून हुकूम सोडतोय कोण, तर पुढचा भोई केरबा! "माझ्या पालखीत हुकूम फक्त माझा!" असं त्यांनी ठणकावलं. आले राजाच्या मना, तिथे कोणाचे चालेना.

मग व्हायचं तेच झालं. मागचा म्हादू रोज ठेचाळू लागला आणि राजे आत रोज आदळू लागले. म्हादू म्हणे, "केरबा, तू मुद्दाम दगडावरनं नेतोस!" केरबा म्हणे, "तुला डोळं न्हाईत का?" एका चंचीतला तंबाखू खाणारे दोघे आता एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. तेवढ्यात दिवाणजी राजांच्या कानाला लागले, "महाराज, हे भोई माजलेत. माझ्या पाहण्यात दुसरे आहेत." हे दुसरे म्हणजे दिवाणजींच्याच शेतावरचे गडी, हे राजे सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

राजांच्या कपाळावर ताजं टेंगूळ होतं, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी केरबाला बोलावलं. "उद्या देवीची जत्रा. वाड्यापासून देवळापर्यंत पालखीत काठोकाठ भरलेली वाटी असेल. भोयांचा शब्द निघायला नको आणि वाटीतला थेंब सांडायला नको. जमलं तर राहा, नाहीतर सगळे चालते व्हा!"

केरबा घरी आला तो मटकन खालीच बसला. लेक येसू भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून तिला आधी रडू आलं, मग राग आला, आणि राग ओसरल्यावर ती चक्क हसू लागली.

"हसतीस काय? पोटावर पाय आलाय!"

"आबा, जत्रेला राजांची सासरची माणसं येणार न्हवं?"

"येणार की. सासूबाईंनी धाडलेला पांढरा अंगरखा घालून राजे जाणार हायेत. त्याचं काय?"

"काय न्हाई. भाकरी खा."

सकाळी येसू वाड्याच्या दारात हजर! पदर खोचून म्हणाली, "म्हाराज, अट कबूल. पण पालखीचा पुढचा पडदा वर बांधायचा. आन् वाटीत काय भरायचं, ती कुठं ठेवायची, ते मी ठरवणार."

"एवढंच ना? दिलं!" राजे म्हणाले.

येसूनं चांदीच्या वाटीत हळदीचं पाणी ओतलं, अगदी काठापर्यंत, आणि ती राजांच्याच हातात दिली.

"माझ्या हातात कशाला?"

"खाली ठिवली तर उद्या कुणीबी म्हणंल, भोयांनी कापड लावून टेकवली. तुमच्या हातात असली की लबाडीला जागाच न्हाई."

"बरोबर बोलली पोरगी!" दिवाणजी खूश होऊन म्हणाले. बिचारे!

पालखी उचलली. पिवळं पाणी काठाशी थरथरलं. त्याच्या खाली पांढराशुभ्र अंगरखा, आणि तिकडे देवळात सासूबाई! राजांनी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि नजर पुढच्या वाटेवर खिळवली.

"अरे, हळू!" राजे ओरडले. "दगड! डावीकडे दगड!"

म्हादूनं कान टवकारले. किती दिवसांनी त्याला पुढची वाट कळत होती! तो अलगद उजवीकडे सरकला.

"उतार आला! मागचे, आवरून धरा! आता पाणी आहे, पाय जपून! अरे थांबा, थांबा, म्हैस आडवी आलीय!"

बाजार जागच्या जागी थबकला. दुकानदार पायरीवर येऊन बघू लागले. राजे मानेच्या शिरा ताणून ओरडत होते आणि भोई ओठ मिटून, आज्ञाधारकपणे चालत होते. केरबाला हसू असं दाटलं होतं की त्याचे गाल फुगले होते, पण खांदा त्यानं हलू दिला नाही.

पालखी देवळापुढे टेकली. येसू जत्रेच्या गर्दीतून धावत पुढे आली. "बघा, म्हाराज. थेंब सांडला?"

राजांनी अंगरखा निरखला. कुठे डाग नव्हता.

दिवाणजी मात्र उसळले. "पण रस्ताभर आरडाओरडा चालला होता! सगळ्या बाजारानं ऐकलाय!"

"चालला होता की," येसू म्हणाली. "पर भोयांचा न्हाई. कुणाचा, ते तुम्हीच सांगा, दिवाणजी!"

दिवाणजींनी राजांकडे पाहिलं आणि ते पागोटं सावरत दोन पावलं मागे सरकले.

येसूनं हात जोडले. "म्हाराजांच्या पालखीत म्हाराजांचाच हुकूम चालायचा, असं ठरलंय. आज चालला! उद्यापासून बी तुम्हीच वाट सांगत जा. न्हाईतर आबाला सांगू द्या आन् तुम्ही लोडाला टेकून बसा. कसं बी चालंल, आमची तक्रार न्हाई."

राजांनी घशाला हात लावला. घसा बसला होता. मग ते एकदम असे खदखदून हसले, की हातातली वाटी कलंडली आणि सगळी हळद अंगरख्यावर!

"सांडलं! सांडलं!" दिवाणजी टाळी वाजवून ओरडले.

"पालखी टेकल्यावर!" येसू म्हणाली. "राजाच हसला, त्याला भोई काय करणार?"

आता तर सासूबाईसुद्धा हसू लागल्या! राजांनी तिथेच तो पिवळा अंगरखा उतरवून केरबाच्या खांद्यावर टाकला, चांदीची वाटी येसूला दिली आणि दिवाणजींना बजावलं, "परतीला तुम्ही पालखीच्या मागच्या दांडीला खांदा द्या. केरबा सांगेल तसं पाऊल टाका!"

म्हादूनं चंची काढली आणि आधी केरबापुढे धरली. केरबानं चिमूट उचलली, पुढची दांडी खांद्यावर घेतली आणि छाती भरून हाळी दिली, "दिवाणजी, डावीकडं दगड!"